रविवारची साखळी

ग्रँड रॅपिड्स,
५ जून १९५०

ती. लव्हीनाताईस ऑर्विलचा सा. न. वि. वि.

बेथेल पॉइंट या आपल्या धर्मवसाहतीचा पंचाहत्तर वर्षांचा इतिहास लिहून झाला. विश्वस्तांनी काम माझ्यावर सोपवलं तेव्हा तू हसली होतीस. आता सोबतची पानं वाच आणि मग हस. सरोवराकाठचे पहिले चाळीस तंबू, तंबूंची झालेली घरं, आजोबांची प्रवचनं, सगळं आलंय. पान अडतीस माझं आवडतं: देवाच्या वारी गाड्या नकोत म्हणून फाटकावर लावलेली साखळी एकाही रविवारी कुणाच्याही गाडीसाठी उतरली नाही.

गुडघा छळतोय, काठी लागते. चेरी पिकल्या का?

माया आहेच, ती इतिहासकारावरही असू दे.

ऑर्विल

* * *

बेथेल पॉइंट,
१२ जून १९५०

चि. ऑर्विल यास अ. उ. आ.

वाचलं. तंबूंची घरं म्हणे श्रद्धेनं झाली. अरे, डासांमुळे झाली. आमच्याकडे पत्त्यांना थारा नाही, असंही लिहिलंयस. शेजारच्या टटलबाई गेली तीस वर्षं स्तोत्रांच्या पुस्तकाआड पत्ते खेळताहेत. दोन घरांत हातभर अंतर. त्यांनी हुकूम मारला की मला कळतं. पण ते जाऊ दे, त्यावर मी हसले.

पान अडतीसवर हसू आलं नाही. ऑगस्ट १९०९, रविवार. आपल्या धाकट्या बहिणीला, ऑलिव्हला, घटसर्प झाला होता, चार वर्षांची होती. डॉक्टर घोडागाडी घेऊन आले, तर साखळी लावलेली. बिचारे वाळूतून मैलभर चालत घरी आले आणि म्हणाले, हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायला हवं. मी अकरा वर्षांची; धावत प्रवचनाच्या मंडपात गेले. साखळीच्या कुलपाची किल्ली आजोबांच्या जाकिटात. त्यांनी प्रवचन न थांबवता बोटानं मला बाकावर बसायला सांगितलं, आणि मी बसले. बाबा तिला उचलून धावत निघाले. साखळीपाशी पोचले तेव्हा ऑलिव्ह गेली होती.

हे लिही. तिचं नाव घालून लिही. आजोबांची दाढी तू दीड पान वर्णिली आहेस, तिला एक ओळ दे.

लोभ आहे, तो वाढवायचा की नाही ते पान अडतीस वाचून ठरवीन.

ताई

* * *

ग्रँड रॅपिड्स,
२० जून १९५०

ती. ताईस सा. न. वि. वि.

विश्वस्त म्हणतात, उत्सवाच्या पुस्तकात असलं काही नको. मी भांडलो नाही. मी तेव्हा पाच वर्षांचा, मला फक्त बाबांचा घामानं भिजलेला सदरा आठवतो.

आणि राग मानू नकोस, पण गेली वीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी ती साखळी लावतं कोण? किल्ली तुझ्याच सोड्याच्या डब्यात असते ना? पानं छापायला गेली.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

ऑर्विल

* * *

बेथेल पॉइंट,
१४ ऑगस्ट १९५०

चि. ऑर्विल यास अ. उ. आ.

कालच्या उत्सवाला तू होतासच, तरी लिहिते. पुराव्याला कागद लागतो, असं तूच म्हणतोस.

छापखान्यानं उशीर केला आणि इतिहासकार ऐन रविवारी तीनशे पुस्तकं मोटारीत घालून फाटकाशी आले. टटलबाईंच्या नातीबरोबर निरोप धाडलास, की वाळूतून गुडघा चालणार नाही, तेवढी आजच्या दिवस साखळी उतरव. प्रवचन अर्ध्यावर होतं. मी उठले. सगळा मंडप माना वळवून बघत होता. या वेळी मी बसले नाही.

साखळी मीच लावायचे, हे तुझं खरं, आणि ते मला फार झोंबलं. आजोबांना भ्यायचे, आणि ते गेल्यावर त्यांच्या किल्लीला. काल उतरवली. दोन मिनिटंही लागली नाहीत रे. दर सोमवारी मीच काढते, तरी इतकी वर्षं मला वाटत होतं, रविवारी फार वेळ लागत असेल.

तर आता तुझं पान अडतीस खोटं ठरलंय. पुस्तकं माझ्या कोठीच्या खोलीत कुलपात आहेत, विश्वस्तांनाही दिलेली नाहीत. शाई घेऊन ये आणि तीनशे प्रतींत स्वतःच्या हातानं लिही: १९५० साली ही साखळी ऑर्विलच्या गुडघ्यासाठी उतरली. १९०९ साली ऑलिव्हसाठी उतरली नव्हती.

चेरीचा केक करून ठेवते. गुडघ्याला जप, आणि रविवारी आलास तरी चालेल.

तुझी ताई