आईचा अंजिरी शालू

पनवेल, शुक्रवार, १९५६

जेवताना अण्णा म्हणाले, परवा मुंबई बघायला जाऊ. दोन दिवस. राणीची बाग, म्युझियम, चौपाटी. मी मुंबई कधीच पाहिलेली नाही, तरी आनंद होईना. आई गेल्यापासून ज्यांनी मला कर्नाळ्यालासुद्धा नेलं नाही, त्यांना एकदम राणीची बाग कुठून आठवली?

त्यात आत्याने आईचा लग्नातला अंजिरी शालू ट्रंकेत ठेवला. मी सरळ विचारलं, "मला दाखवायला नेताय ना?"

आत्या हसली. "वेडी की काय! आधी मॅट्रिक तर हो."

खोटं बोलताना आत्याचा पदर तोंडाशी जातो. तेव्हा गेला नाही. म्हणजे मला दाखवायचं नाहीये, हे खरं.

मग शालू कशाला? संध्याकाळी हळूच ट्रंक उघडली, तर शालूवर खण आणि नारळ. ओटी कोणाची भरायची आहे?

"ओळखीच्यांकडे उतरायचंय ना, रिकाम्या हाताने कसं जायचं?" आत्या म्हणाली. आणि पदर तोंडाशी.

आत्ताच माजघरात डोकावून आले. अण्णा आरशासमोर उभे राहून मिशांना कलप लावत होते.