'त्यांनी' म्हणजे कोणी?

करामा, मंगळवार संध्याकाळ

शेजारच्या शबानाला जामीन नाकारला. तिच्या वकीलबाईंनीच आत्ता फोनवर सांगितलं. नवऱ्याला सुरी लागली म्हणून ती कोठडीत, आणि चार वर्षांची मुलगी त्याच नवऱ्याजवळ. इथे आखातात जबाब अरबीत नोंदवतात; तिच्या जबाबात म्हणे, "मला काही लोकांनी मारलं." कुठले लोक? घरात ही दोघंच होती.

कोठडीतून ती मला म्हणाली होती, "त्यांनी मारलं, म्हणून सुरी उचलली." रत्नागिरीची बाई, नवऱ्याचं नाव घेत नाही. तिचं आदराचं 'त्यांनी' अरबीत जाऊन 'काही लोकांनी' झालं. नुसती चूक? पण दुभाषी नवऱ्याच्याच गावचा निघाला. जिन्यात नवऱ्याला विचारलं, तर हसला. "ताई, भाषेत इकडचं तिकडे होतंच. खलास, सोडा आता." मी बातमीदार; ही बातमी असती तर एवढ्याशा पुराव्यावर काही लिहिलं नसतं. पण तो हसला का?

उद्या दुसऱ्या दुभाष्यासमोर पुन्हा जबाब आहे. शबानाला नाव घेऊन सांगावं लागेल. मघाशी कोठडीतून तिचा फोन आला तेव्हा विचारलं, "घेशील ना?"

ती म्हणाली, "ताई, ते रागावतील."