फुलाच्या वासाची बाई

अकोला, ता. १२ नोव्हेंबर २०२३

चिरंजीव प्रणालीस, जाईआजीचा जयभीम आन् पोटभर आशीर्वाद.

तुहं पार्सल भेटलं. इतकी खूश झाली का पोस्टमनले बसवून चहा पाजला. फोनवर तू काय बोलतं ते माह्या कानाले समजत नाही, म्हणून प्रौढवर्गात शिकलेली ही अक्षरं कामाले आली. वाकडी असन तिथं समजून घेजो.

शेजारच्या लीलाबाईनं तुही चिठ्ठी वाचून देल्ली. मंग ते वाफ सोडणारं यंत्र तुह्या आबाच्या खाटेजवळ मांडलं, पाणी टाकलं, संत्र्याच्या तेलाचे चार थेंब सोडले. लीलाबाईचं माहेर मोर्शीचं. ते म्हणे, आमी संत्र्याच्या सालीत लोळलो, आन् तुमी तो वास इकत आणता काय? पण बाईचं नाक यंत्रावरून हालन तं शपथ.

तुह्या आबाचं काय सांगू. काचबिंदूनं डोळे गेले त्याले तीन वर्षं झाली, यंदा यादही जाऊन राहिली. दिवस कलला का काठी धरून उठते, रातपाळीले जातो म्हणते. चाळीस वर्षं सरकीच्या तेलाच्या कारखान्यात काढली, ते सुटत नाही. कानात मशीनची घरघर भरली हाय, म्हणून आवाजावर त्याचा इस्वास नाही. नाक मात्र तिखट. मी जवळ गेली का माहं डोकं हुंगते, मंग म्हणते, हा, जाईच हाय. आन् बसते. पोटच्या पोराले, तुह्या बापाले, तो वळखत नाही. मले वळखते. एवढंच उरलं माह्यापाशी, तेवढ्यात मी राजी हाव.

ऑफिसात जिवाले फार ताण नको देऊ. म्हातारीवरची माया पातळ होऊ देजो नको.

तुही आजी
जाईबाई

अमरावती, ता. २० नोव्हेंबर २०२३

ति. आजीस, प्रणालीचा सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि एवढी हसले की टेबलावरच्या सगळ्यांना वाचून दाखवावं लागलं. पण आजी, ती तेलं आबांसाठी नव्हती, तुझ्यासाठी होती. मागच्या वेळी आले तेव्हा तू चहासुद्धा उभ्यानेच प्यायलीस. आबांच्या मागे दिवसभर धावतेस, तुझं कोण बघतं?

जांभळ्या झाकणाची बाटली लव्हेंडरची आहे. थंड मुलखातलं एक फूल असतं, त्याचं तेल. त्याचे दोनच थेंब चमचाभर खोबरेलात मिसळ आणि हलक्या हाताने डोक्याला चोळ. नुसतं लावू नकोस, आग होते. मीही ऑफिसातून आले की यंत्र लावून दहा मिनिटं डोळे मिटून बसते. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं माझी असतात.

आबांना माझा जयभीम सांग, ओळखलं नाही तरी. तुम्हा दोघांचा हात माझ्या पाठीवर राहू द्या.

तुझी
प्रणाली

अकोला, ता. ४ डिसेंबर २०२३

चिरंजीव प्रणालीस, आजीचा जयभीम आन् आशीर्वाद.

पोरी, मी गोष्ट बिघडवून ठेवली. दोन थेंबांनं काय होते, असं वाटलं. भाजीत तेल टाकाचा हात हाय माहा, थेंब मोजाचा नाही. अख्खी बाटली खोबरेलच्या डब्यात ओतली आन् डोक्याले चोपडलं. सुख असं का इचारू नको. बारा महिने ठणकणारी कपाळाची शीर गुमान बसली. लीलाबाई म्हणे, बुढी कोनाच्या लग्नाले निघाली?

दिवस कलला तसा आबा उठला. मी डोकं पुढं केलं. त्यानं हुंगलं आन् हात मागं घेतला. म्हणे, तुमी कोण जी बाई? मी म्हटलं, जाई हाव. म्हणे, जाईचा वास मले मालूम हाय, खोटं काहून बोलता? मंग माह्या नावानं घरभर हाका मारत हिंडला. मी त्याच्या समोरच उभी होती व माय.

काळ्या मातीनं डोकं धुतलं, शिकेकाई लावली. वास हालत नाही. जाता जाता त्यानं मले एकदा तरी वळखावं, बस एवढंच मांगणं हाय. काय करू सांगजो. तुह्यावर राग नाही, तू मनाले लावून घेऊ नको.

तुही आजी
जाईबाई

अमरावती, ता. ९ डिसेंबर २०२३

ति. आजीस, सविनय जयभीम.

पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. तुला आराम पडावा म्हणून पाठवलं आणि तुझी ओळखच पुसून बसले. सोबत रिठ्याची पुडी पाठवते आहे. एक दिवसाआड धू, तो तेलाचा डबा फेकून दे, साधं खोबरेल नवीन आण. आठवड्यात वास जाईल. आबा तुला परत ओळखतील, आजी. ओळखलं की लगेच कळव. तुझ्या नातीला माफ कर आणि पहिल्यासारखीच जवळची समज.

तुझी
प्रणाली

अकोला, ता. १० जानेवारी २०२४

चिरंजीव प्रणालीस, आजीचा जयभीम आन् आशीर्वाद.

आबा गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाले तू आली आन् माह्या गळ्यात पडून एकच म्हणत राहिली, का तुह्या तेलापायी त्यानं मले वळखलं नाही. चार लोकांत माह्यानं बोलवलं नाही. आता लिहितो. तुहा कसूर नाही. तुह्या रिठ्याची पुडी बांधलेलीच हाय. ते आल्यावर मी डोकं धुतलंच नाही.

झालं असं. पुडी आली त्या दिवशी आबा मले म्हणे, बसा बाई, माही बायको येईनच आता. आन् सांगाले लागला. म्हणे, लग्न होऊन आली तवा नवी चप्पल झिजन म्हणून हातात धरून चालत होती. मी हासलो, तं तीन दिवस बोलली नाही. म्हणे, कारखान्यातून आलो का आंगाले सरकीचा वास ये, लोक तोंड फिरवत, पण तिनं कवा नाकाले पदर लावला नाही.

बावन्न वर्षांत हा माणूस मले एक गोड शबूद बोलला नाही पोरी. भाजी आळणी झाली, एवढंच बोले. आन् परक्या बाईपाशी माहे असे गुण गाये का मी पदर तोंडात कोंबून हासो आन् रडो. मले चटक लागली. उद्या धुतो, उद्या धुतो म्हणत रोज सकाळी त्याच डब्यातलं तेल लावलं. तोही पाळीले जाणं विसरला. गुमान बसे, फुलाच्या वासाची बाई कवा येते म्हणून वाट पाहे.

शेवटच्या दिवशी आंगात ताप होता. माहा हात धरला आन् म्हणे, बाई, जाई आज बी आली नाही. मीच तिले कवा नीट बोललो नाही, रुसून गेली असन. तिले एवढं सांगजा, मी वाट पाहिली.

तवा सांगाचं होतं का मीच जाई. पण डोक्याले तोच वास होता, त्यानं मानलं नसतं. मी म्हटलं, सांगतो जी.

तू रडू नको. कवा मवा येत जाय, म्हातारीले आपली म्हणत राह्य.

तुही आजी
जाईबाई