खांद्याला दिलेले मार्क

बाई, फार उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्ही देवाघरी जाऊनही कितीतरी वर्षं झाली, पण ही गोष्ट मनातून जात नाही.

उसाच्या गाडीवरून पडून माझे पाय गेले आणि सायखेडा गाव सोडून मी शहरात द्वारका चौकाजवळ स्टो दुरुस्तीचं दुकान टाकलं. चाकाची खुर्ची ढकलून आणि स्टोला पंप मारून उजवा खांदा ठणकायचा. ऐंशी सालानंतरची गोष्ट. दर सोमवारी तुम्ही दवाखान्यात आम्हा खुर्चीवाल्यांना व्यायाम शिकवायचात, मग कागद घेऊन विचारायचात, "खाटेवरून खुर्चीत येताना किती दुखतं? चढ चढताना? सदरा घालताना? शून्य ते दहा, आकडा सांगा." पहिल्या दिवशी तुम्ही नीट समजावलं असणार, पण दुकानाला कुलूप लावलं की नाही या काळजीत माझं लक्षच नव्हतं. मी चौथी नापास. मला वाटलं, खांद्याला मार्क द्यायचेत. बरा असला की मी आठ सांगायचो, हात वर होत नसला की दोन.

एका सोमवारी सदरा घालताना डोळ्यांत पाणी आलेलं. मी घाबरत म्हणतो, "एक." तुम्ही खूश होता. "वा, काय फरक पडलाय! आता चढ एकट्यानं चढायचा." वर स्वतः शिवलेले हातमोजे देता, चाकं ढकलायला. नापासाला बक्षीस कसलं, मला कळेना. तरी घेतले.

बाहेर निफाडचा ट्रक ड्रायव्हर, तोही खुर्चीतला, म्हणाला, "एक काय सांगतो लेका? लग्नात नाचून आला का? मी नऊ सांगितले. दहा म्हंजे मरण हाय!" तेव्हा डोक्यात उजेड पडला.

पुढच्या सोमवारी सगळं सांगायचं ठरवून आलो. पण तुम्ही माझाच कागद नव्यानं आलेल्या एका भाजीवाल्या बाईंना दाखवत होतात. "यांच्याएवढाच व्यायाम करा, बघा खांदा कसा सुधारलाय." त्या माझ्याकडे बघून हसल्या. तुम्ही आकडा विचारलात आणि मी, आता सगळं समजून, पुन्हा "एक" म्हणालो. त्यानंतर दवाखान्यात आलोच नाही.

माझा हात आता खांद्याच्या वर जात नाही. त्याचं काही नाही. पण त्या बाईंनी माझ्या आकड्यावर विसंबून खांदा घालवला असेल तर? हातमोजे पेटीत आहेत, एकदाही घातले नाहीत. हे पत्रही तिथंच राहणार, कुठे टाकू? तरी बाई, त्यांचा खांदा कसा राहिला, तेवढं लवकर कळवा.