थंड देशातली चकती

मामंजी,

काल मुंबईहून पार्सल आलं. रबरी नळ्या दोन, तीनशे साठ रुपये. कागदी पॅकिंग, चाळीस. थर्मोस्टॅट एक नग, साडेआठशे, आणि आणणावळ पंच्याऐंशी. एवढे पैसे वहीत कुठल्या सदरात घालावेत ते मला कळेना. घरखर्चात बसेनात, औषधपाण्यात बसेनात. शेवटी तुमच्या श्राद्धाच्या खर्चाखाली लिहिले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा रागावणार नाही अशी आशा आहे. आज सकाळी मिस्त्रीनं ते सगळं बसवलं आणि तुमची लाल गाडी कसाऱ्याचा घाट न तापता चढून आली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

मी लग्न होऊन आले तेव्हा अंगणात पहिल्यांदा नजरेला पडली ती ती गाडी. देवळाली कँपातल्या एका मिलिटरी साहेबाकडून तुम्ही घेतलेली, लांब नाकाची, वर छप्पर नसलेली. आई म्हणायच्या, "घरात माणसं चार आणि गाडीत जागा दोन, हा कुठला हिशेब?" तुम्ही हसून म्हणायचात, "दोघं फिरतील, दोघं घर राखतील." आईंना त्या गाडीत बसायची लाज वाटे, म्हणून गंगापूर रस्त्यावरच्या मळ्यातून भाजी आणायला तुम्ही मला नेत असा. थंडीतली सकाळ असायची. द्राक्षाच्या बागांवर धुकं पसरलेलं, औषध फवारल्याचा वास, आणि डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून बसलेली मी. तुम्ही म्हणायचात, "सूनबाई, तू काटा बघ. रस्ता मी बघतो." इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या त्या गोल काचेतल्या काट्याकडे मी बघत बसे. तो मधे येऊन थांबला की सांगायचं, "मामंजी, मधे आला," आणि तुम्ही मान डोलवायचात. मॅट्रिक होऊन घरात बसलेल्या मुलीला कुणी एखादं काम असं विश्वासानं सोपवलं नव्हतं. अजूनही पूजेला बसल्यावर मन स्थिर होईनासं झालं, की मी डोळे मिटून तो काटा आठवते.

मग तो चैत्रातला दिवस येतो. तुम्ही इंजिनाच्या तोंडाजवळचं एक झाकण खोलून बसला आहात आणि मी पातेलं धरून उभी आहे, कारण आतून पाणी सांडतंय आणि ते तुळशीला चालेल का, असं मी विचारते. तुम्ही नाही म्हणता. मग झाकणाखालून एक पितळी चकती काढता, पळीच्या तोंडाएवढी, मधे दांडी, खाली बाहीसारखी कड. "ही थंड देशातली वस्तू," तुम्ही म्हणता, "तिकडे बर्फ पडतं म्हणून इंजिन गरम व्हायला लावतात. इथं एवढं ऊन असताना हिचं काय काम? उगाच पाण्याची वाट अडवते. आपल्याकडे सगळेच काढतात." ती चकती पुसून माझ्या हातावर ठेवता. "घे. पितळ आहे, फुकट घालवू नकोस." झाकण पुन्हा बसतं. घरात त्या वेळी तुम्ही आणि मी, दोघंच. हे कामावर गेले होते, आई देवळात.

त्यानंतर महिनाभर गाडी गावातच फिरली, तीही सकाळच्या गारव्यात, म्हणून काही जाणवलं नाही. वैशाखात आईंनी ह्यांना सांगितलं, नवी नवरी आहे, देवीची ओटी भरून या. ह्यांनी तुमच्याकडे किल्ली मागितली. तुम्ही जरा वेळ विचार करून दिलीत. वणीपर्यंत सगळं सुरळीत होतं. कांद्याचे ट्रॅक्टर मागे टाकत आम्ही निघालो होतो आणि हे गुणगुणत होते. ते गुणगुणतात हे मला त्या दिवशी कळलं. देवीच्या गडाच्या घाटात काटा मधून पुढं सरकला. मी सांगितलं. हे म्हणाले, "वळणावर थांबता येणार नाही, पुढं जागा बघू." पुढं जागा आली तेव्हा गाडीच्या नाकातून पांढरी वाफ उसळली, इतकी की गड दिसेना, रस्ता दिसेना, एकमेकांचे चेहरे दिसेनात. त्या धुरकट पांढऱ्यात मांडीवर ओटीचं ताट धरून मी बसले होते आणि मला, कसं सांगू, भीती वाटली नाही. वाटलं, देवी अशीच दिसत असेल.

पायी चढणारी माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, "लय तापली भाऊ. आता हात नका लावू तिला, भाजंल." दुसरा म्हणाला, "देवीला निघाले का चहा ठेवायला?" त्यांच्याबरोबरची बाई त्याला ओरडली, "गप रे, नवी नवरी हाय," आणि माझ्या हाताला धरून तिनं मला वर नेलं. ओटी भरली गेली. गाडी मात्र ट्रॅक्टरला बांधून आली.

फाटकात तुम्ही उभे होतात. शेजारची माणसं बघत होती. तुम्ही ह्यांना म्हणालात, "इंजिन जाळून आणलंस. तुझ्या हातात काही देण्यात अर्थ नाही." एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पुढे तुम्ही रेडिएटर धुऊन घेतलात, गंगापूर धरणापर्यंत नेऊन पाहिलीत, ती परत तापली, आणि मग तुम्ही तिच्यावर ताडपत्री घातलीत. ह्यांनी त्यानंतर कधी कुठल्या चाकाला हात लावला नाही. ऑफिसची जीप मिळायची तर शेजारी बसायचे. लोक चेष्टा करत, "साहेब ब्रेकला पण घाबरतात." हे हसत. तुमच्याशी बोलत नव्हते असं नाही. तुमचे पाय चेपले, तुम्हाला नाशिक रोडच्या डॉक्टरकडे रिक्षानं नेलं, शेवटचं पाणीही ह्यांनीच घातलं. पण ते एक वाक्य दोघांमध्ये तसंच राहिलं आणि तुम्ही गेलात.

यंदा दिवाळी झाल्यावर एक दिवस ह्यांनी आपण होऊन ताडपत्री काढली. का, ते मी विचारलं नाही. पंचवटीतला मिस्त्री बोलावला. बोलघेवडा माणूस, प्रत्येक वेळी म्हणायचा, "वहिनी, आज फत्ते." त्यानं रेडिएटर उघडून गाळ काढला. गाडी तापली. पंख्याचा पट्टा बदलला, तरी तापली. पाण्याचा पंप नवा घातला, तेव्हा म्हसरूळपर्यंत गेली आणि तिथं तापली. हे दर वेळी त्याला एकच विचारायचे, "इंजिन जळालंय का ते सांग. बाकी काही नको." शेवटी त्यानं इंजिनाचा वरचा भाग उतरवला, पट्टी धरून कुठं वाकलंय का पाहिलं, आणि म्हणाला, "साहेब, आत सगळं ठीक आहे. हे कुणी जाळलेलं नाही." ह्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांना ते खरंच वाटेना. "मग तापते का?"

दुसऱ्या दिवशी गाडी नुसतीच उभ्याउभ्या चालू ठेवून मिस्त्री इकडेतिकडे हात लावत बसला. बाजूची एक आखूड नळी चटका बसावा इतकी कढत, आणि रेडिएटरचं बूड कोमट. तेव्हा त्यानं ते झाकण खोललं. आत काही नव्हतं. म्हणाला, "अरे देवा, मी पण लोकांच्या गाड्यांतून हेच काढून फेकत आलो. पण ह्या इंजिनात पाण्याला दोन वाटा आहेत. गरम झालं की इथली थर्मोस्टॅटची चकती आखूड वाट बंद करते आणि पाणी रेडिएटरकडे धाडते. चकतीच नाही, मग पाणी थंड न होताच माघारी येतं. सपाटीवर चालून जातं, चढावर उकळतं." मला ते लगेच कळलं. उन्हातून आलेल्या माणसाला ओसरीवर टेकू न देता तसंच परत उन्हात धाडल्यासारखं ते आहे.

हे त्या रिकाम्या जागेवर वाकले. म्हणाले, "म्हणजे मी काही केलं नव्हतं." मिस्त्री म्हणाला, "पहिल्या मालकानं काढलं असेल, साहेब. मिलिटरीवाले हौशी असतात." हे म्हणाले, "बाबांना हे कळायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाबांनी कधी हे उघडलं होतं का गं?" मी म्हणाले, दूध उतू जाईल, आणि आत आले. गॅसवर काही नव्हतं.

मामंजी, मला एक संध्याकाळ सारखी आठवते. ताडपत्री घातल्याला वर्ष होऊन गेलं असेल. मी तांदूळ निवडत होते, तुम्ही झोपाळ्यावर होतात. एकदम विचारलंत, "सूनबाई, त्या पितळी चकतीचं काय केलंस?" मी म्हणाले, जुन्या तांब्याबरोबर मोडीत घातली, त्यात नैवेद्याची वाटी आली. झोपाळा थांबला. मग तुम्ही म्हणालात, "बरं केलंस." मला वाटलं, काटकसरीचं कौतुक केलंत. कितीतरी वर्षं मी ते कौतुक जपलं. आज वाटतंय, तुम्हाला उमगलं होतं. चकती परत घालून पाहायची होती, आणि ती नाही म्हटल्यावर तुम्ही गप्प राहिलात, आणि ह्यांनाही काही न सांगता तसंच राहू दिलंत. किंवा असं काहीच नसेल. म्हातारं माणूस, सहज आठवलं, सहज विचारलं.

तुम्हाला ठाऊक नसेल, तर मी ह्यांना सगळं सांगते. बापाची चूक झाली हे ऐकायला त्यांना जड जाणार नाही. पण ठाऊक असून तुम्ही बोलला नसाल, तर ते मला सांगवणार नाही. रोज तुमच्या फोटोला हार घालतात ते.

आता खाली ह्यांनी गाडी सुरू केलेली ऐकू येतेय. पंचवटीत गंगेवर जाऊन येऊ म्हणतात, दोघंच. वाटेत परत विचारतील. हे पत्र पोथीत ठेवून जाते, पाकिटावर कुठला पत्ता घालू ते कळत नाही. खरं सांगायचं तर सकाळपासून देवीला एवढंच विनवलं, की तुम्हाला ठाऊक नसू दे. ठाऊक होतं का नव्हतं, एका ओळीत लिहिलंत तरी पुरे. उलट टपाली कळवावं.