डोळ्यांची आखणी

आप्पा, गेल्या महिन्यात तुमच्या लेकीनं काढलेले डोळे पसंत झाले. देवाचे नाहीत, जपानी कार्टूनमधल्या एका पोरीचे. त्याला ॲनिमे म्हणतात. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, "एवढे मोठे डोळे कोणाला असतात गो?" मीही आधी तेच म्हटलं होतं.

शहापूरच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात मी शाळेत असल्यापासून रंगात हात घालून बसायचे. पितांबर माझा, शेला माझा, उंदीरमामासुद्धा माझाच. डोळे मात्र तुमचे. आखणीची वेळ आली की तुम्ही मूर्ती उंचावर ठेवायचात, मला खाली जमिनीवर मांडी घालून बसवायचात आणि बारीक ब्रश धरून विचारायचात, "तुझ्याकडं बघतोय का?" मी म्हणायचे, "नाय, डोक्यावरनं बघतोय." मग तुम्ही बुबुळ केसभर खाली घ्यायचात. मखरात देव वर, माणूस खाली, म्हणून नजर उतरती हवी, हे मी कुणी न शिकवता शिकले. एकदा तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी तो ब्रश उचलला, आणि तुम्ही दारातूनच म्हणालात, "ठेव तो. डोळा चुकला तर अख्खी मूर्ती वाया गो. अजून हात बसला नाय तुझा." सगळ्या कारागिरांसमोर म्हणालात. ते मला फार लागलं. हात बसायची वाट बघता बघता तुम्हीच गेलात, आणि आखणीला दादानं बाहेरचा माणूस लावला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मग मी मुरबाडला फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसांचे बॅनर केले, आणि पुढं घरबसल्या चित्रांची कामं घेऊ लागले. यंदा पुण्याच्या एका बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठेवायचे वॉलपेपर मागितले, ॲनिमेच्या धाटणीत. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, तरी हो म्हटलं. डाव्या बाजूला आयकॉन बसतात, म्हणून तिकडं नुसतं पाणी ठेवलं, आपल्या तानसा तलावाचं. उजवीकडं धरणाच्या भिंतीवर उभी शाळेतली पोरगी. केस, वारा, युनिफॉर्म, सगळं जमलं. डोळे आखले आणि पाठवून दिलं. बाईंचा फोन आला, "छान आहे हो, पण ही सारखी कीबोर्डकडे का बघतेय?"

तोंडात मारल्यासारखं झालं. हातानं सवयीनं उतरती नजर काढली होती, आप्पा. पडदा माणसाच्या समोर असतो, माणूस खुर्चीवर बसतो, आणि ही बया त्याच्या बोटांवर लक्ष ठेवून उभी. बाई म्हणाल्या, "जमत नसेल तर डोळे दुसऱ्याकडून करून घेते." माझं डोकंच फिरलं. पुन्हा दुसऱ्याकडून? म्हटलं, "डोळे मीच करणार. दोन दिवस द्या."

आईला खुर्चीवर बसवलं. ती तांदळाचं ताट मांडीवर घेऊनच बसली. मी बुबुळ वर उचलायचे, ती म्हणायची, "आता पंख्याकडं बघते." थोडं खाली घेतलं तर, "आता रुसलीय तुझ्यावर." या धाटणीत सगळा जीव बुबुळातल्या पांढऱ्या ठिपक्यात असतो, आणि तो कुठं ठेवायचा यातच अर्धा दिवस गेला. शेवटी आई बोलायची थांबली आणि तिनं हळूच पदर सारखा केला. मला कळलं, आता पोरगी बघतेय.

बाईंनी अख्खा संच घेतला. दादानं ते सगळे वॉलपेपर बघितले आणि म्हणाला, "यंदा आखणी तूच कर." काल पहिली मूर्ती केली. उतरती नजर, एका दमात. ज्या कारागिरांसमोर तुम्ही मला बोलला होतात, तेच बघत होते. मला माझा फार अभिमान वाटला, आणि तो सांगायला मला लाज नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं सांगते. ब्रश उचलताना सगळे म्हणाले, आधी आप्पांच्या फोटोला नमस्कार कर, त्यांची परवानगी माग. नमस्कार केला. परवानगी नाही मागितली.