पोळ्याआधी सोडलेली राखी

गोपिकाताई,

तू तिकडं रामटेकले बसून समजून राहिली असशील की लीलाधर ड्युटीवर गेला. मी नागपूरच्या दवाखान्यात पडून आहो. हृदयाची नस बारीक झाली म्हणते. आता मनगटातून तार घालतील अन् आत फुगा फुगवून नस मोकळी करतील. बेहोशही करत नाहीत वं, जागंच ठेवतात.

नर्स म्हणे, "काका, हातातला धागा काढा."

तुयी राखी! पोळ्याआधी काढली तर भावावर संकट येते, हे तूच सांगत आली. मी डॉक्टरले म्हटलं, मांडीतून घाला. तो म्हणे, "हातातूनच बरं आहे, काका."

नर्सनं नखं लावून पाह्यली, पण तुयी गाठ सुटेना. ती कैची आणाले गेली. तू असती तर दातानं सोडवली असती, अन् तू सोडवली असती तर मले भेव नसतं वाटलं.

उजवा हात चादरीखाली लपवून मी डाव्या अंगठ्यानं मोबाईलवर लिहून राहिलो. हे पाठवणार नाही. वाचलं की तू चुलीवरची भाकर टाकून धावत येशील. नको येऊ.

ती आली कैची घेऊन.

ये वं ताई.

तुया लहाना,
लीलाधर